उपक्रम क्रमांक तीन

माझं काम नावं जुळवायचं. रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये मी काउंटरवर बसते. माणूस येतो, नाव सांगतो, वय सांगतो, मी स्टिकर छापते आणि काचेच्या नळीवर चिकटवते. चिकटवण्याआधी एकदा नाव विचारते, चिकटवल्यावर पुन्हा एकदा. "अहो, आत्ताच तर सांगितलं," लोक वैतागतात. वैतागू देत. सहा वर्षांत माझ्या हातून एकाही नळीवर भलत्याचं नाव गेलेलं नाही. रक्त काढणाऱ्या मावशी म्हणतात, "हिनं लग्नात नवऱ्यालासुद्धा दोनदा नाव विचारलं असेल."

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढे जे झालं ते माझ्याच हातून झालं.

लेक चौदा वर्षांची आहे. ती झाली तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. शेवटच्या वर्षाचे पेपर लिहिताना ती बाहेर माझ्या आईच्या मांडीवर रडायची आणि मला आत उत्तरं आठवायची नाहीत. तेव्हापासून माझा एक कान कायम तिच्याकडे असतो. ती खोकली की मी जागी. तिच्या खोलीतला पंखा बंद झाला की मी दाराशी. नवरा म्हणतो, "अगं, श्वास तरी तिचा तिला घेऊ दे." तो लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं काम असल्यामुळे घरी आला की त्याला कशाचीच घाई नसते.

तो तिला 'वकीलसाहेब' म्हणतो. लहानपणी ती प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची. दूध का प्यायचं, नऊलाच का झोपायचं, शेजारच्या काकूंना नमस्कार का करायचा. मुद्दे मांडायची, उलटतपासणी घ्यायची. यंदा मात्र वकीलसाहेबांनी वकिली सोडली. काही विचारलं की "बरं". जेवायला ये, बरं. मोबाईल ठेव, बरं. तिची जिवाभावाची मैत्रीण वर्षाच्या मध्यात दुसऱ्या गावी गेली, तेव्हापासून हे सुरू झालं, एवढं मला कळत होतं. त्यापुढचं कळत नव्हतं. विचारलं की ती भिंतीकडे तोंड करून पडायची आणि मी तिच्या पाठीकडे बघत उभी राहायची.

वार्षिक परीक्षेत तिने दोन पेपर जवळजवळ कोरे दिले. वर्गशिक्षक सरांनी आम्हाला बोलावून ते समोर ठेवले. वर स्वच्छ अक्षरात नाव, तारीख, आणि खाली पानंच्या पानं रिकामी.

"येत नाही असं नाही," सर म्हणाले. "लिहीतच नाही."

मग त्यांनी शाळेची सोय सांगितली. सुट्टीत सहा आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग. निरीक्षण आणि लेखन. एकूण तीस उपक्रम, प्रत्येक उपक्रम त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचा. निदान पंचवीस झाले पाहिजेत, आणि शेवटी पालकांसोबत एक मुलाखत. झाले तर वरच्या वर्गात. नाही झाले तर आहे त्याच वर्गात पुन्हा एक वर्ष.

परत येताना ती एवढंच म्हणाली, "बाक तरी बदलून मिळेल का?"

नवरा हसला. मला हसू आलं नाही. धाकट्या मुलांमध्ये मागच्या बाकावर बसलेली, एक डोकं उंच असलेली माझी मुलगी मला दिसायला लागली, आणि ती दिसायची थांबेचना.

वर्ग घेणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. बारीक कापलेले केस, पडद्यावर मागे एक कुंडी, आवाज असा की रागावल्या तरी कोणाला कळू नये. मुलं लहान म्हणून खातं पालकांच्या फोनवर उघडायचं होतं. त्यामुळे रोज सकाळी उपक्रम आधी माझ्या फोनवर यायचा. पहिल्या दिवशी आपल्या हाताची बाह्यरेषा काढून फोटो पाठवायचा होता. तिने पाठवला. दुसऱ्या दिवशी घरातले तीन आवाज लिहायचे होते. तिने लिहिलं, "पंखा, लिफ्ट, आई." मला ते लागलं. पण उपक्रम झाला होता.

तिसऱ्या दिवशी आलं: खिडकीतून काय दिसतं, दहा ओळी लिहा.

साडेपाच वाजता मी काउंटरवरून बघितलं. तिने पाठवून दिलं होतं. एकच ओळ: "समोर भिंत आहे आणि तिला खिडकी नाही."

दहा मागितल्या आणि एक दिली. पुन्हा तेच कोरं पान. काउंटरवर कोणी नव्हतं. मी 'बदल करा' दाबलं, तिची ओळ पुसली आणि लिहायला बसले. समोरच्या भिंतीवर गळक्या पाइपाचा हिरवट डाग आहे, तो दरवर्षी वीतभर खाली सरकतो. केबलच्या तारेवर एक कपड्यांचा चिमटा गेली दोन वर्षं लटकतोय, तो कोणाचा ते कोणालाच माहीत नाही. दहा ओळी कशा झाल्या कळलं नाही, मला अकरावीही सुचली होती. सहाला दहा मिनिटं असताना पाठवून दिलं.

सव्वासहाला ताईंचं उत्तर आलं. "किती बारीक पाहतेस गं! लिहीत राहा."

मी ते चार वेळा वाचलं. 'गं' माझ्यासाठी नव्हता हे माहीत असूनसुद्धा.

घरी आल्यावर लेकीला सांगितलं, "तुझं मी जरा नीट करून दिलं हं. एकाच ओळीवर मार्क देणार आहेत का?"

"बरं," ती म्हणाली.

"उद्याचा करशील ना?"

ती भिंतीकडे वळली. चौथ्या दिवशी तिने लॅपटॉप उघडलाच नाही. पावणेसहापर्यंत मी वाट पाहिली. मग चौथाही मीच केला. पाचवाही. एकदाही तिने विचारलं नाही की काय लिहिलंस. मीही सांगितलं नाही. त्या "बरं"ला मी होकार समजत गेले.

सुरुवातीला मी मुद्दाम चौदा वर्षांची व्हायचे. वाक्यं तोडायचे, एखादी ओळ अर्धवट सोडायचे. घरातली मोडलेली पण कोणी दुरुस्त न केलेली वस्तू, असा उपक्रम आला तेव्हा आमच्या दारावरच्या घंटीबद्दल लिहिलं: बाबा गावभरच्या लिफ्टची बटणं नीट करतात, आमच्या घंटीचं बटण दाबलं की फक्त दाबणाऱ्याला समाधान मिळतं. ताईंनी तीन हसरे चेहरे पाठवले.

मग हळूहळू मला चौदा वर्षांची व्हायची आठवण राहीनाशी झाली. दोन पेशंटच्या मधे, नळ्यांच्या जाळीमागे फोन धरून मी लिहायचे. सकाळी उठल्यावर आधी उपक्रम बघायचे. एक दिवस आलं: काल दिवसभरात तू किती वाक्यं बोललीस, मोजून लिही. मी खरोखर मोजली, तीच ती वाक्यं एकदाच धरून. अकरा. त्यातली नऊ 'नाव सांगा', 'उपाशीपोटी आलात का', 'रिपोर्ट संध्याकाळी' अशी. एक नवऱ्याशी, डब्याचं झाकण घट्ट लाव म्हणून. एक लेकीशी. पाठवताना त्या नऊ वाक्यांच्या जागी 'कामापुरती', नवऱ्याच्या जागी 'बाबा' आणि लेकीच्या जागी 'आई' लिहिलं, बाकी तसंच ठेवलं.

सतराव्या दिवशी आलं: घरातली अशी जागा, जी फक्त तुझी आहे.

मी लिहिलं ते असं. "माझी जागा गच्चीवर आहे, पाण्याच्या टाकीमागे. मी कपडे वाळत घालायला वर जाते. कपडे घालायला दहा मिनिटं लागतात, मी पाऊण तास बसते. टाकीत पाणी पडतं त्याचा आवाज येतो, म्हणून खालून कोणी हाक मारली तरी ऐकू येत नाही. कधीकधी वाटतं, खाली गेलेच नाही तर? आधी कपड्यांची शोधाशोध होईल. मग माझी."

पाठवलं आणि पुढच्या पेशंटला नाव विचारलं.

त्या दिवशी ताईंनी शाबासकी दिली नाही. लिहिलं, "बाळा, हे वाचून मी थांबले. तू बरी आहेस ना?"

काउंटरवर माणूस उभा होता. मी म्हटलं, "एक मिनिट हं," आणि मागच्या बेसिनपाशी जाऊन नळ सोडला. असं मला कोणी किती वर्षांत विचारलं नव्हतं ते मोजायला गेले आणि मोजता आलं नाही.

मावशी मागून आल्या. "काय गं, रडतेस?"

"नाही, स्पिरिट गेलं डोळ्यात."

"स्पिरिटची बाटली माझ्या हातात आहे. झाकण लावलेली."

"मग असेल दुसरं काही."

"असेल," मावशी म्हणाल्या. नळ बंद करून टॉवेल दिला आणि बाहेरच्या माणसाची बाही स्वतःच वर करायला लागल्या.

मी ताईंना उत्तर लिहिलं, "हो ताई, बरी आहे." तिथेच थांबायला हवं होतं. आता उपक्रम करणं म्हणजे आगीशी खेळ आहे, हे मला कळत होतं. पण पंचवीस व्हायचे होते, असं मी स्वतःला सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. मला रोज कोणीतरी वाचत होतं.

पंचविसावा झाला त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला. शुक्रवारी चार वाजता मुलाखत. आई-वडील दोघंही हवेत. "जरा गंभीर आहे," ते म्हणाले.

शुक्रवारी नवरा कामावरून तसाच आला, नखांत काळं वंगण. टेबलावर लॅपटॉप, तीन खुर्च्या. मध्ये लेक. पडद्यावर एका चौकोनात ताई, दुसऱ्यात सर.

"काय लिहिलंय हिनं एवढं?" नवऱ्याने हळूच विचारलं.

"काही नाही रे. असंच, मुलं लिहितात तसं."

ताईंनी पान पडद्यावर आणलं आणि वाचायला लागल्या. घंटीचं आलं तेव्हा नवरा ओशाळून हसला. अकरा वाक्यांचं आलं तेव्हा त्याचं हसू गेलं. लेक हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होती. टेबलाच्या कडेवर तिने बोट ठेवलं होतं आणि ते बोट अजिबात हलत नव्हतं. "आधी कपड्यांची शोधाशोध होईल. मग माझी," ताईंनी वाचलं, आणि लेकीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

रागाने नाही. मी काउंटरवर बघते तसं. नाव आणि माणूस एकच आहे ना, ते तपासून घ्यावं तसं.

नवऱ्याने हात तोंडावर ठेवला होता. वंगणाचा डाग हनुवटीला लागला.

"बाळा," ताई म्हणाल्या, "हे तूच लिहिलंस ना? कुठून घेतलेलं नाही ना?"

आता बोलायचं होतं ते मी. मला माहीत होतं, आत्ता 'मी लिहिलं' म्हटलं की तिचं वर्ष गेलं. आणि माझंही काहीतरी जाणार होतं, नवऱ्यासमोर, या दोन चौकोनांसमोर. मी ठरवलं, तीन मोजते आणि बोलते. तीन झाले. पुन्हा मोजले.

"हो," लेक म्हणाली. "मीच."

"गच्चीवर का जातेस?"

"खाली सगळ्यांना काही ना काही हवं असतं."

"कोणाला?"

"बाबांना डबा. मला इस्त्रीचे..." ती थांबली. "आईला इस्त्रीचे कपडे. वर कोणाला काही नको असतं. टाकीला फक्त पाणी हवं असतं, ते पंप देतो."

सर किंचित हसले. ताई हसल्या नाहीत.

"खाली येऊच नये, असं खरंच वाटतं?"

वर्षभरात मी तिला इतकी सरळ बसलेली पाहिली नव्हती. "वाटत असेल एखाद्या वेळी," ती म्हणाली. "पण लिहिलंय ना, 'कधीकधी'. रोज नाही. आणि आजपर्यंत दर वेळी खाली आलेलं आहे. कपड्यांसकट. हे पण मोजा."

मुद्दा मांडत होती. वकीलसाहेब परत आले होते, आणि अशील मी होते. नवऱ्याला काही कळलं नाही. तो फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवून बसला होता.

मग सगळं भराभर ठरलं. उपक्रम पंचवीस भरले, मुलगी वरच्या वर्गात. शाळेतर्फे दर गुरुवारी चार वाजता एक समुपदेशक बाई तिच्याशी ऑनलाइन बोलतील, सहामाहीपर्यंत. तिने एकटीने बोलायचं, दार लावून. आणि सर खाकरून म्हणाले, "तोपर्यंत गच्चीला कुलूप असेल तर बरं."

निरोप घेताना ताई म्हणाल्या, "एक विचारू? तिसऱ्या उपक्रमात तू आधी एकच ओळ लिहिली होतीस. मग पुसून दहा लिहिल्यास. आमच्याकडे आधीचं राहतं, म्हणून दिसलं. खरं सांगू, बाकी सगळं छान आहे, पण ती एक ओळ माझ्या डोक्यातून गेली नाही. का पुसलीस?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं नाही. "दहा मागितल्या होत्या," ती म्हणाली.

कुलूप त्याच संध्याकाळी लागलं. नवऱ्याने चांगलं जाड आणलं, किल्ली स्वतःच्या कामाच्या गणवेशाच्या आतल्या खिशात. कपडे आता तिच्या खोलीत, खिडकीसमोर दोरी बांधून वाळतात. दोन दिवस ओले राहतात आणि खोलीला दमट वास येतो. नवरा येता-जाता तिच्याकडे बघतो, दारावर टकटक करून आत जातो, काहीबाही विनोद करतो. घंटीही दुरुस्त केली त्याने. माझा पाऊण तास गेला हे कोणाला जाणवलं नाही, कारण तो होता हेच कोणाला माहीत नव्हतं. एकीला सोडून.

आम्ही दोघी त्या दिवसाबद्दल बोललो नाही. मी दोनदा सुरुवात केली. "अगं, त्या दिवशी..." "बरं झालं ना सगळं," ती म्हणाली, आणि उठून गेली.

पहिल्या गुरुवारी चारला पाच मिनिटं कमी असताना तिने मला हाक मारली. लॅपटॉपसमोर बसली होती, केस नीट बांधून.

"आई, आज काय सांगू?"

"काय म्हणजे?"

"त्या विचारतील ना, आठवडा कसा गेला. गच्ची तर बंद झाली. मग आता कसं वाटतं सांगू?"

माझ्या हातात ओल्या कपड्यांची बादली होती. "काहीही सांग."

"काहीही चालत नाही. त्या लिहून घेतात. पुढच्या वेळी जुळलं पाहिजे."

मग मी सांगितलं. बादली खाली ठेवून, दाराच्या चौकटीला टेकून. की झोप पहाटे तीनला मोडते. की जेवणाला चव लागत नाही, पण त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही म्हणजे चव असणार. तिने मान हलवली, मनात टिपून घेतलं आणि म्हणाली, "जा आता. दार लाव." पाऊण तासाने बाहेर आली. "रोज वीस मिनिटं चालायला सांगितलंय."

"तुला?"

"आपल्याला धर."

दुसऱ्या गुरुवारीही तसंच.

मधे एक दिवस लॅबमध्ये घोळ झाला. माझ्या हातून नव्हे, आतल्या खोलीत. दोन माणसांचे नमुने एका नळीत गेले. मावशींनी ती नळी उजेडात धरली आणि सरळ डब्यात टाकली.

"आता?" मी विचारलं.

"आता काय, दोघांनाही परत बोलव. यातून ना त्याचं कळणार, ना याचं."

मी डब्याकडे बघत बसले. दुपारभर पेशंटना तीन-तीनदा नावं विचारली.

तिसऱ्या गुरुवारी तिने विचारायच्या आधीच मी तिच्या खोलीत गेले. खिडकीवरचे कपडे बाजूला सारून पलंगाच्या कडेवर बसले. समोर भिंत होती. हिरवा डाग होता, चिमटाही होता. आणि तिला खिडकी नव्हती, एकही. चार मजले नुसती सलग भिंत. दहा ओळी लिहून मला ते दिसलं नव्हतं.

"आज माझं नको सांगूस," मी म्हटलं. "तुझं सांग."

ती पडद्यात स्वतःचा चेहरा बघत होती. "माझं?"

"हो. तुझं जे असेल ते."

"माझं एका ओळीचं असतं, आई."

"चालेल की."

"तू पुसशील."

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. उपाशीपोटी आलात का, हो, आलो. तसं. चार वाजले आणि लॅपटॉपमधून घंटा वाजली.

"जा," ती म्हणाली. "दार लाव."

मी दार लावलं आणि तिथेच उभी राहिले, बादली पोटाशी धरून. आत ती बोलत होती, स्पष्ट, मुद्देसूद, न अडखळता. तीनला झोप मोडते. चव लागत नाही. टाकीत पाणी पडायचं त्याची आठवण येते.

त्या बाईंनी मधेच काहीतरी विचारलं, मला नीट ऐकू आलं नाही. मी कान दाराला लावला. आत थोडा वेळ नुसता पंखा फिरत राहिला.

"नाही," लेक म्हणाली, "बाकी काही नाही. एवढंच."